जिभेखालची गोळी

६ फेब्रुवारी

सूनबाई,

तो काल दुपारी घरी आला. स्वतःच्या पायांनी आला, वजन थोडं वाढलंय, आणि व्यसनमुक्ती केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी सोडताना कागदावर ‘प्रकृती स्थिर’ असं लिहून सही केली आहे. सही मी नीट बघितली. त्यांचीच आहे.

खुशाली वगैरे मागाहून. सगळी हयात वॉर्डात गेली. ड्यूटी बदलताना पेशंटची ताजी हालत आधी सांगायची आणि बाकीचं नंतर, ही खोड निवृत्त झाले तरी गेली नाही. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून लिहिते. कागदावर मला मध्येच तोडता येणार नाही तुला.

त्याला सोडायला केंद्रातला समुपदेशक आला होता. इतका उंच, की दारातून वाकून आत आला. सगळे त्याला लंबू म्हणतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. एके काळी तोही याच वाटेने गेलेला, असं त्यानेच सांगितलं. चहा घेताना म्हणाला, “काकू, तुम्ही वॉर्ड चालवलेत. तुमच्या हाती पेशंट दिला की मला टेन्शन नाही.”

“मला आहे,” मी म्हटलं.

तो हसला. मी काही हसण्यासारखं बोलले नव्हते.

आता व्यवस्था सांगते. लिफ्टच्या खड्ड्यात पडल्यावर पाठीसाठी म्हणून सुरू झालेली इंजेक्शनं, आणि मग पाठ बरी झाली तरी चालूच राहिलेली इंजेक्शनं, हे तू बघितलं आहेस, परत सांगत नाही. ती ओढ येऊ नये म्हणून त्याला रोज सकाळी एक गोळी आहे. जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही. आठवड्याच्या गोळ्या केंद्र घरच्या माणसाच्या हाती देतं, पेशंटच्या नाही. त्या माझ्या कपाटात आहेत.

“याने नशा होत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शरीर शांत राहतं, माणूस कामाधंद्याला लागतो. घाई करायची नाही. वर्ष लागेल, दोन लागतील, काहींना त्याहून जास्त.”

तू जिन्यात काय म्हणालीस ते मी त्यांना सांगितलं नाही. “एक सोडून दुसरं धरलं, याला मी बरं होणं म्हणत नाही. गोळी सुटेल त्या दिवशी कळवा, मी भिंगरीला घेऊन येईन.” भिंगरी पाठीला दप्तर लावून कठड्यावरून खाली बघत होती. तू आवाज चढवला नाहीस, तेच मला जास्त लागलं.

दोन वर्षं म्हणजे फार होतात. भिंगरी तोवर दहाची होईल.

उद्या लिफ्ट दुरुस्तीच्या कामाचं विचारायला त्याच्या उस्तादांकडे जाईन म्हणतो आहे. मी नको म्हटलं नाही.

त्याची आई
(तुझी म्हणायचं की नाही ते तू बघ.)


२१ फेब्रुवारी

सूनबाई,

उस्तादांनी त्याला अर्धा दिवस कामावर घेतलं. आज ते स्वतः घरी येऊन सांगून गेले, म्हणून खात्रीने लिहिते.

“ताई, खड्ड्यात उतरवणार नाही त्याला,” म्हणाले. “वर गच्चीवर मशीनच्या खोलीत काम देतो. तेलपाणी, साफसफाई, ब्रेक तपासणं. आमचा धंदाच चढउताराचा, पण ह्याने जरा जास्तच मनावर घेतलं.”

तो हसला. खूप दिवसांनी दात दिसले त्याचे.

सकाळचा कार्यक्रम आता ठरून गेला आहे. गोळी जिभेखाली असली की त्याला बोलता येत नाही, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेते. ओला टॉवेल पलंगावर टाकणं, दिवा न घालवता झोपणं, दाढी न करणं, सगळं तेवढ्यात सुनावून घेते. तो डोळे वटारतो, हात जोडतो, खिडकीकडे बोट दाखवतो म्हणजे उडी मारतो असं सांगतो. लहानपणी तोंडात थर्मामीटर असला की मी हेच करायचे. गोळी संपली की पहिलं वाक्य ठरलेलं: “झालं तुझं?”

रविवारी भिंगरीचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. तिने विचारलं, “बाबा, वीज गेली की लिफ्ट पडते?” तर हा खूश. म्हणाला, “अगं उलट. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगने लागतो. वीज त्याला नुसती सोडवून धरते. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते.”

“मग तू कसा पडलास?”

“मी लिफ्टमध्ये नव्हतोच ना. दार उघडं होतं आणि लिफ्ट नव्हती.”

पुढे फोनवर नुसता श्वास ऐकू आला. तो तुझा होता असं मला वाटतं. तो पण ओळखून होता. मग फोन बंद झाला.

एक बदल केला आहे. गोळी आता कुटून देते. वॉर्डात आम्ही कित्येकांना पूडच द्यायचो, चमच्यातून. लवकर विरघळते आणि गालात लपवायची सोय राहत नाही. केंद्राने तसं सांगितलंय, असं मी त्याला म्हटलं. केंद्राला विचारलं नाही, एवढ्यातेवढ्याला काय विचारायचं?

आमच्या वेळी ऑपरेशनचे पेशंट जखम भरून आली तरी दुखण्याच्या इंजेक्शनसाठी घंटा वाजवत बसायचे. मोठे डॉक्टर म्हणायचे, “सिस्टर, बघा काय ते.” आणि मी बघायचे. डोस हळूहळू उतरवत नेऊन शेवटी नुसतं पाणी टोचायचे. पेशंट म्हणायचा, “हां, आता बरं वाटलं.” असे कितीतरी जण माझ्या हाताखालून चालत घरी गेले आणि त्यांना पत्ताही लागला नाही. आमच्या डॉक्टरीणबाई हुशार आहेत, पण त्यांचं वय काय, अनुभव काय?

सहज आठवलं म्हणून लिहिलं.

पुढच्या महिन्याअखेर केंद्रात तपासणी आहे.

आई


१२ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र काल मिळालं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. चार ओळीच आहेत, पण अक्षर शांत आहे. “कामावर जातात हे वाचून बरं वाटलं. गोळी अजून चालू आहे का?”

चालू आहे असंच म्हणायला हवं. पण भिंगरीची शाळा सुट्टीसाठी कधी बंद होते ते कळव. तोवर तुला हवी ती बातमी देता येईल असं माझं मन सांगतं. मी सहसा आधी बोलत नाही, तुला माहीत आहे.

त्याला सध्या सर्दी झाली आहे. नाक गळतं, डोळ्यांना पाणी येतं, एकामागून एक जांभया. स्वेटर घालूनही अंगावर काटा येतो. पोट बिघडलेलं आहे. झोपेत पाय झाडतो. हवा बदलली आहे, इमारतीत बऱ्याच जणांना झालंय.

सोमवारी उस्ताद त्याला दुपारीच घरी घेऊन आले. मशीनच्या खोलीतून त्याच्या हातातला पाना सुटला आणि थेट खाली गेला. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. त्याला आत सोडून उस्ताद जिन्यातच थांबले.

“ताई, पोरगं परत काही...”

“सर्दी आहे त्याला.”

“सर्दीने पाना सुटत नाही हातातून.”

“सुटतो. तुम्हाला कधी झाली नसेल सर्दी.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही सिस्टर आहात. तुम्ही म्हणता तर सर्दी.” आणि खाली उतरले. लिफ्ट असताना जिन्याने गेले.

काल सकाळी चमचा खाली ठेवल्यावर तो नेहमीचं “झालं तुझं?” म्हणाला नाही. म्हणाला, “आई, मला परत व्हायला लागलंय. ओढ. बसस्टॉपवर उभा असतो आणि पाय दुसरीकडेच निघतात. डॉक्टरीणबाईंना गोळी वाढवून मागू?”

“आठवडाभर कळ काढ,” मी म्हटलं. “शरीराला सवय व्हायला वेळ लागतो.”

“कशाची सवय?”

दूध उतू जात होतं. खरोखरच जात होतं, मी बहाणा केला नाही.

मग त्याने बूट घातले आणि म्हणाला, “बरं. तू म्हणतेस तर काढतो.” माझ्यावर त्याचा फार विश्वास आहे. हे तुला कशाला लिहिते आहे कळत नाही.

वॉर्डातही मधले काही दिवस असेच वाईट जायचे. मग उतार पडायचा.

सुट्टीचं विसरू नकोस.

आई


२६ मार्च

सूनबाई,

काल तपासणी झाली. नशेचं काही सापडलं नाही. पण गोळीचाही अंश सापडला नाही. लंबूने कागद टेबलावर ठेवून दोन्ही गोष्टी सांगितल्या, मी तिथेच बसले होते.

गोळी रोज घेणाऱ्याच्या लघवीत ती सापडायलाच हवी. नाही सापडली, याचा केंद्रात एकच अर्थ निघतो.

“मित्रा, गोळी जाते कुठे?” लंबूने विचारलं.

“तोंडात जाते. आणखी कुठे जाणार?”

“तोंडातून कुठे?”

“मी विकतो असं वाटतं तुला?”

“मी विकायचो,” लंबू म्हणाला. “म्हणून विचारतोय. गालात धरायची, बाहेर पडलं की रुमालात काढायची. गिऱ्हाईक गेटबाहेरच उभं असतं. लाजायचं काही नाही. खरं बोललास तर पुढचं ठरवता येईल.”

“अरे, पूड असते ती! पूड गालात कशी धरू? आई, सांग ना ह्याला. तू रोज तुझ्या हाताने देतेस ना?”

“हो,” मी म्हटलं. “देते.”

लंबूच्या कपाळाला आठी पडली. “पूड? पूड करायला कोणी सांगितलं?”

“वॉर्डात आम्ही तशीच द्यायचो,” मी म्हणाले.

“मग ठीक आहे. काकू देतात म्हणजे नीटच देत असणार.” आणि परत त्याच्याकडे वळून, “म्हणजे घेतल्यावर तू उलटी काढतोस का?”

पण तो लंबूकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. पूड केंद्राने सांगितली आहे, असं मी त्याला महिन्याभरापूर्वी म्हटलं होतं.

त्याला घाम येत होता, दंडावर काटा होता, आणि तो गप्प बसून लंबूचं सगळं ऐकून घेत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी काल डोळ्यांनी बघितलं. याहून जास्त आज लिहवत नाही.

केंद्राने नियमाप्रमाणे तुलाही कळवलं. तुझा निरोप त्याने घरी आल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवला. “वाटलंच होतं.” एवढाच होता. त्याने तो दोनदा वाचला.

सूनबाई, त्याने गोळी विकलेली नाही. उलटी काढलेली नाही. हे मी छातीठोकपणे सांगते. कशावरून, असं विचारशील, तर सध्या आई म्हणून सांगते असं समज.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं आहे. तेव्हा काय ते बोलू.

आई


२९ मार्च, दुपार

सूनबाई,

तो सकाळपासून घरी नाही. खालच्या किराणावाल्याने सकाळी दुकान उघडलं तेव्हा त्याला रस्ता ओलांडताना बघितलं, त्यानंतर कोणी नाही. कामावर गेलेला नाही, उस्तादांना फोन करून विचारलं. त्याचा फोन इथे टेबलावर आहे.

आता नीट वाच. तो गोळी विकत नव्हता. गोळी त्याला मिळतच नव्हती. मी पूड करून आधी थोडी काढून ठेवायचे, मग अर्धी, मग चिमूटभर. चमचा भरलेला दिसावा म्हणून वर ग्लुकोज. गेले काही दिवस नुसतं ग्लुकोज. त्याला सर्दी झालेली नव्हती.

का केलं ते तुला माहीत आहे. पण तुझ्या एका वाक्यावर हे ढकलणार नाही. तू म्हणालीस गोळी सुटली की कळवा. ती चोरून सोडवा असं तू म्हणाली नव्हतीस. मला वाटलं, आठ आठवड्यांत त्याला सुखरूप पैलतीराला लावीन, आणि मग सगळ्यांना एकदमच सांगीन, बघा, होतं की नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवऱ्याला पत्ता नव्हता, आईच बाशिंग घेऊन बसली होती.

आज सकाळी मी अख्खी गोळी तळहातावर धरून त्याच्यासमोर उभी राहिले. तपासणी झाल्यापासून तो चमच्याला हात लावत नव्हता. त्याने गोळीकडे बघितलं. “आज अख्खी?” म्हणाला. “आज पूड नाही?” त्याने बूट घातले, नाड्या बांधल्या, दार ओढून घेतलं. दार आपटलं नाही.

मी नर्स आहे, म्हणून मला काय वाटतंय ते तुला कळायला हवं. गोळी अंगात असती तर त्याने काही टोचलं तरी तिने बरंचसं अडवलं असतं. आता अंगात काहीच नाही. शरीराची जुनी सवय गेलेली आहे. त्याने जुन्याच मापाने घेतलं, तर श्वास थांबेल.

तासाभरापूर्वी लंबूला फोन करून हे सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काकू, मी त्याला काय काय बोललो त्या दिवशी.” मी म्हटलं, “ते नंतर.” तो म्हणाला, “अंगात आता काही म्हणजे काहीच नाही?”

“काहीच नाही.”

“बरं झालं सांगितलंत. मी श्वास परत आणणारा नाकातला स्प्रे घेऊन निघतो. तुम्ही घर सोडू नका. तो आलाच तर कोणीतरी हवं.”

म्हणून घरात बसून आहे. तुझ्या चष्म्याच्या दुकानात फोन केला. मालक म्हणाले, तू ग्राहकाची नजर तपासते आहेस, निरोप देतो. निरोप मिळाला असेल तर हे पत्र पोचायच्या आत तू फोन केलेला असशील. तरी लिहिते आहे, कारण हातांना काम हवं.

तो तुझ्याकडे आला तर काय केलंस म्हणून विचारू नकोस. आत घे. एकटं सोडू नकोस, न्हाणीघराला आतून कडी लावू देऊ नकोस. झोप फार गाढ वाटली, ओठ निळे दिसले, तर आधी रुग्णवाहिका, मग मी. भिंगरीला शेजारी पाठव.

जिन्यात पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचे होते.

आई


३१ मार्च

सूनबाई,

तो शुद्धीवर आहे. श्वास नियमित. वॉर्डातल्या सिस्टरने चार्ट बघून सकाळी सांगितलं आणि मी तिच्या खांद्यावरून चार्ट बघितला, तर तिने तो मिटला. “नातेवाइकांनी खुर्चीवर बसायचं,” म्हणाली. बरोबर आहे तिचं. मीही असंच म्हणायचे, बहुधा याहून वाईट आवाजात.

उस्तादांनी तुला फोनवर सांगितलं ते घाईघाईत. नीट सांगते. परवा दुपारी त्यांना एका इमारतीतून तक्रार आली, की लिफ्ट अचानक बंद पडली आणि दिवाही लागत नाही. हा ज्या इमारतीत पडला होता तीच. उस्ताद म्हणतात, “माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला पहिला धडा हाच. मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी मेन स्विच बंद करायचा. चहा प्यायला बसायचं असलं तरी. तक्रार ऐकली आणि कळलं, वर आपलंच पोरगं आहे.”

लंबू त्यांच्यापेक्षा जवळ होता. उस्तादांनी त्याला फोन केला आणि तो सगळे मजले चढून गेला, कारण लिफ्ट बंद होती. हा भिंतीला टेकून बसलेला, मान पडलेली, ओठ काळेनिळे. घेऊन फार वेळ झाला नव्हता. लंबूने एका नाकपुडीत स्प्रे मारला, मग दुसरा. दुसऱ्या स्प्रेनंतर याने श्वास घेतला. रुग्णवाहिका येईपर्यंत लंबू त्याला कुशीवर धरून बसला होता आणि शिव्या देत होता, असं उस्ताद म्हणाले. प्रेमाने की रागाने ते त्यांना कळलं नाही.

काल संध्याकाळी त्याने पहिल्यांदा माझ्याशी बोलायला तोंड उघडलं.

“शेवटी शेवटी काय होतं त्यात?”

“ग्लुकोज.”

तो छताकडे बघत राहिला. मग ओठाचा कोपरा हलला. “मला वाटलं, बरा होत असेन. तोंडाला चव आली म्हणून गोड लागत असेल.”

मी काहीतरी म्हणायला लागले. “आई, थांब,” तो म्हणाला. “मला महिनाभर वाटत होतं, गोळी घेऊनही मला जमत नाही म्हणजे मी कामातूनच गेलो. ह्या जगात असं औषधच नाही जे मला लागू पडेल. तू समोर बसून दिवे विझव, टॉवेल उचल म्हणत होतीस, आणि मी हे मनात घेऊन बसलो होतो. तुला दिसत होतं सगळं. तू तर बघूनच ओळखतेस.”

“ओळखलं होतं,” मी म्हटलं.

“मग?”

मी खाली मान घालून बसले. थोड्या वेळाने त्याने पाणी मागितलं, माझ्याकडे नाही, सिस्टरकडे.

डॉक्टरीणबाई आज येऊन गेल्या. मला वाटलं ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या, “बाई, तुमच्या वॉर्डात जखम भरली की पेशंट घरी जायचा. माझ्याकडचा पेशंट घरी गेला तरी ह्याच गल्लीतून, ह्याच बसस्टॉपवरून रोज जातो. त्याची गोळी त्यासाठी असते.” मग त्यांनी त्याला विचारलं, पुन्हा सुरू करायची का, आणि त्याने मान हलवली. हो म्हणून.

तू काल खाली, दवाखान्याच्या दारापर्यंत येऊन परत गेलीस, हे मला रखवालदाराकडून कळलं. त्याला सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर तू सांग.

आई


१२ एप्रिल

सूनबाई,

आज सकाळी त्याला दवाखान्यातून सोडलं. गोळी पूर्ववत सुरू आहे, जांभया थांबल्या, पाय झाडणं थांबलं. हे यावेळी मला उस्तादांनी सांगितलं, कारण तो घरी आलेला नाही. उस्तादांच्या मागच्या खोलीत राहायला गेला आहे. कपडे न्यायला सुद्धा उस्तादच आले. मी टॉवेल घडी करून दिले.

“राग उतरेल, ताई,” ते म्हणाले.

“रागाचं काही नाही,” मी म्हटलं. “त्याला माझ्या हातून काही घ्यायची भीती वाटते. ती कशाने उतरते ते मला ठाऊक नाही.”

“माझी बायको म्हणायची, तुमच्या हातचा चहासुद्धा औषधासारखा लागतो.” हे त्यांनी मला हसवायला म्हटलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळले. मग आम्ही दोघं खरंच हसलो. किती दिवसांनी.

तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस, “माझ्यामुळे झालं का?” नाही. पण विचारलंस म्हणून सांगते. त्याच्याशी बोलशील तेव्हा गोळी कधी सुटणार हे विचारू नकोस. कामावर गेलास का, जेवलास का, भिंगरीच्या शाळेत येशील का, असलं काहीही विचार. यायचं की नाही तो तुझा प्रश्न आहे. माझं मत देणार नाही, माझ्या मतांनी सध्या विश्रांती घेतलेली बरी. मात्र गोळीवर अडून राहू नकोस. दोन वर्षं लागोत, वीस लागोत. घेणारा माणूस जिवंत असला म्हणजे झालं.

केंद्राने आता घरी गोळ्या देणं बंद केलं आहे. त्याने रोज सकाळी जायचं, खिडकीपाशी सिस्टरच्या समोर गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळली की तोंड उघडून दाखवायचं आणि कामावर जायचं. त्याच्याबरोबर कोणी जायचं नाही, असं त्यानेच ठरवलं. रस्त्यात दोन ठिकाणं अशी आहेत जिथे त्याला पूर्वीचे लोक भेटू शकतात. लंबूने दुसरा रस्ता सुचवला, तर म्हणाला, “कधीतरी ह्या रस्त्याने चालावंच लागेल.” उद्या पहिला दिवस आहे.

तो आला नाही तर कळवायला केंद्राने त्याच्याकडे कोणाचा तरी नंबर मागितला. त्याने तुझा दिला. लंबूने मला हे सांगताना फार संकोच केला, पण मला वाईट वाटलं नाही. वाटलं, पण फार वेळ नाही.

तुला दुकानात फोन जवळ ठेवता येत नाही, हे मला माहीत आहे. हे पत्र टपालाने न टाकता आजच उस्तादांच्या हाती पाठवते आहे, उद्या मालकांना सांगून ठेव. लंबूचा नंबर या कागदाच्या मागे लिहिला आहे, अनोळखी समजून कापू नकोस. खिडकी नऊला उघडते. दहापर्यंत तो दिसला नाही तर लंबू तुला फोन करील. तो आला तर कोणीच कोणाला फोन करणार नाही, तशीच पद्धत आहे.

मी उद्या सकाळी घरीच आहे. तुला लंबूचा फोन आला तरच मला कर. माझा वाजला नाही, तर तो पोचला असं समजून मी अकराच्या सुमारास भाजी आणायला बाहेर पडेन.

आई